बी-४५ घेऊ का? क्लॅरिनेटचा नवा माउथपीस निवडताना आणि पारखताना

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही नागपूरचे, वय चोवीस. जुने घेतलेले यामाहाचे बी फ्लॅट क्लॅरिनेट आहे आणि त्यासोबत आलेला ४सी माउथपीस. लग्नसराईत आणि मिरवणुकीत बॅन्ड पार्टीत वाजवता, उरलेले दिवस गुरुजींकडे राग शिकता. वरचे सूर चिरकतात, मधले फुसके निघतात आणि मींड हवी तेवढी उतरत नाही. पार्टीतले सगळे म्हणतात, व्हॅन्डोरेन कंपनीचा बी-४५ माउथपीस घेऊन टाक. तो घ्यावा का, काचेचा बरा का, ऑनलाइन मागवावा की मुंबईला जावे, आणि पारखायचा कसा?

मी सव्वीस वर्षे फौजेच्या बॅन्डमध्ये क्लॅरिनेट वाजवले, पचमढीला मिलिटरी म्युझिक विंगमध्ये शिकलो आणि निवृत्तीनंतर नागपुरातच मुलांना शिकवतो. या काळात माउथपीस बदलून सुखी झालेले लोक पाहिले, तसे एकामागून एक चार माउथपीस घेऊन तिथेच राहिलेलेही पाहिले. म्हणून सुरुवात दुकानापासून नाही, तुमच्या हातातल्या वाद्यापासून करतो.

चिरकण्याचे कारण बऱ्याचदा माउथपीसमध्ये नसतेच. क्लॅरिनेटचा वरचा जोड वेगळा काढा, वाजवताना झाकता तशी सगळी भोके बोटांनी झाका, खालचे तोंड तळहाताने बंद करा आणि वरून हवा ओढा. जोड ओठाला चिकटून राहिला आणि सोडताना ‘फट्’ असा आवाज आला, तर पॅड, म्हणजे चाव्यांखालच्या भोके झाकणाऱ्या गाद्या, ठीक आहेत. हवा कुठून तरी आत येत असेल, तर जगातला कुठलाही माउथपीस तुमचे वरचे सूर सुधारणार नाही. आपल्या शहरात एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो आणि हवा पार कोरडी होते. पॅडवरची पातळ झिल्ली फाटते, जोडाचे कॉर्क आकसतात. सप्टेंबरात नीट वाजणारे वाद्य मेमध्ये गळायला लागते. माझे पहिले उस्ताद कुणी आवाजाबद्दल रडले की एवढेच विचारायचे, “काऊन बे, पॅड पाह्यले का आधी?” पॅड बदलून घ्या, रीड (माउथपीसवर बसणारी वेताची पातळ पट्टी) नवी लावा आणि मग आठवडाभर ऐका. तक्रार उरली, तरच पुढचे वाचा.

आता आकड्यांचे बोलू, कारण पार्टीतले लोक बी-४५ चे नाव घेतात ते आकडा न बघता. तुमच्या ४सीच्या टोकाशी रीड आणि माउथपीस यांच्यामधली फट १.०५ मिलिमीटर आहे. व्हॅन्डोरेनच्या बी-४५ ची १.१९५. फरक ०.१४५ मिलिमीटरचा, म्हणजे झेरॉक्सच्या साधारण दीड कागदाच्या जाडीचा. एवढासा फरक ओठाला मात्र खिडकी आणि दरवाजा यांच्यातल्या फरकासारखा जाणवतो. फट मोठी झाली की रीडला हलायला जास्त अंतर मिळते, हवा जास्त जाते, आवाज मोकळा होतो. पण तेवढे अंतर मिटवायला ओठाला जोर लागतो, म्हणून मोठ्या फटीवर नरम रीड आणि लहान फटीवर कडक रीड, असा जोड बसतो. तुम्ही ४सीवर तीन नंबरची रीड (नंबर मोठा तितकी रीड कडक) लावत असाल आणि तीच बी-४५ वर चढवली, तर दहा मिनिटांत वाटेल की माउथपीसच खराब आहे. खराब काही नाही, जोड चुकलेला आहे.

फट ही निम्मीच गोष्ट. रीड टोकापासून मागे कुठपर्यंत माउथपीसपासून सुटलेली राहते, त्या उताराची लांबी दुसरी. उतार लांब असेल तर मोठी फटही ओठाला सोसते. आणि तिसरी आतली पोकळी, जी बाहेरून कुणी बघत नाही आणि जिच्यावर सुरेलपणा सगळ्यात जास्त अवलंबून असतो. पोकळी मोठी असेल तर पट्टी खाली येते, आणि सगळीकडे सारखी येत नाही. नळी जितकी आखूड, तितका परिणाम जास्त. म्हणून वरच्या जोडाच्या टोकाकडचे, आपण ज्यांना गळ्याचे सूर म्हणतो ते जी, ए, बी फ्लॅट आधी बिघडतात. बॅरल, म्हणजे माउथपीसखालचा छोटा जोड, ओढून पट्टी उतरवता तेव्हाही हेच होते.

इथे तुमच्यासाठी एक महत्त्वाची गोष्ट. व्हॅन्डोरेनचे नेहमीचे माउथपीस ४४२ च्या पट्टीला (पियानोचा ए ४४२ हर्ट्झला) बनवलेले असतात आणि ‘सिरीज १३’ लिहिलेले ४४० ला. तुमच्या पार्टीतला कीबोर्ड ४४० ला असतो आणि तो उन्हातही ४४० लाच राहतो. तुमच्या क्लॅरिनेटमधली हवा मात्र तापते आणि पट्टी चढते. मेमधल्या वरातीत आधीच चढलेल्या वाद्याला ४४२ चा माउथपीस लावला, तर बॅरल इतके ओढावे लागते की गळ्याचे सूर खाली लोंबायला लागतात. म्हणून कीबोर्डबरोबर जास्त वाजवत असाल, तर तुम्हाला आवडलेले मॉडेल सिरीज १३ मध्ये मिळते का, हे पहिल्यांदा विचारा. जानेवारीच्या पहाटे, धुक्यात वाजवताना मात्र तोच माउथपीस जरा खालचा वाटेल. बॅरल पूर्ण दाबूनही सूर पुरेसा चढला नाही, तर थोडे आखूड बॅरल लागते. सामान्यतः बॅरल ६५ किंवा ६६ मिलिमीटरचे असते, त्याहून आखूडही मिळते.

मग तुम्ही घ्यावा तो कुठला? तुम्ही दोन वेगळी कामे करता. मिरवणुकीत ट्रम्पेट, युफोनियम आणि ढोल यांच्या वर आवाज काढायचा असतो, तासन् तास आणि चालत. रागाच्या बैठकीत तानपुऱ्याला चिकटून सूर लावायचा असतो आणि एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायचे असते. मींड दोन रस्त्यांनी येते. एक, भोकावरून बोट हळूहळू सरकवून, आणि दोन, घसा व ओठ सैल करून सूर खाली वाकवून. दुसरा रस्ता मोठ्या फटीवर आणि नरम रीडवर जास्त खुलतो, विशेषतः रजिस्टर की (डाव्या अंगठ्याने दाबायची, वरचे सूर उघडणारी चावी) दाबून येणाऱ्या वरच्या सप्तकात. खालच्या सप्तकात कुठल्याही माउथपीसवर ओठाने फार वाकवता येत नाही, तिथे बोटच कामाला येते. क्लॅरिनेटवादक नरसिंहलू वडवाटी यांनी हिंदुस्तानी राग क्लॅरिनेटवर किती गळ्यासारखा मांडला, ते ऐका. बोटे आणि श्वास किती काम करतात, हे त्यातून लक्षात येईल.

जास्त मींड हवी म्हणून काही मुले थेट व्हॅन्डोरेनचाच ५जेबी घेतात. त्याची फट १.४७ मिलिमीटर. जॅझ वाजवणाऱ्यांसाठी तो उत्तम आहे, पण १.०५ वरून तिथे उडी मारणे मी कुणालाही सुचवत नाही. सूर वाकतो खरा, पण मग सरळही उभा राहत नाही, आणि तानपुऱ्यासमोर हलणारा षड्ज लपत नाही. तुमच्यासाठी मी तीन मॉडेल हातात धरून पाहीन: व्हॅन्डोरेनचेच ५आरव्ही लायर, फट १.०९५; एम-३०, फट १.१५; आणि बी-४५. माझा कल एम-३० कडे आहे. बी-४५ एवढा मोकळेपणा त्यात जवळपास मिळतो आणि हळू आवाजात तो जास्त ताब्यात राहतो. पण हा कल माझ्या दातांचा आणि ओठांचा आहे, निवाडा तुमच्या तोंडानेच व्हायला हवा. तुम्ही फक्त मिरवणुकीत वाजवत असता, तर बी-४५ आणि अडीचची रीड एवढे म्हणून मी थांबलो असतो.

काचेबद्दल थोडक्यात. क्रिस्टलचा माउथपीस उन्हात वाकत नाही, त्याची धार वर्षानुवर्षे झिजत नाही, आवाज स्वच्छ आणि थोडा कडक येतो. पण लग्नाच्या मांडवातल्या फरशीवर एकदा पडला की संपला. चालत वाजवणाऱ्याने तो घेऊ नये. एबोनाइट म्हणजे गंधक मिसळून कडक केलेले रबर, बहुतेक चांगले माउथपीस त्याचेच असतात. तेच घ्या.

आता पारख. याबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचे आहे, कारण इथेच माणूस फसतो. मी तरुणपणी एका दुकानातून एक माउथपीस घेतला होता. खोली छोटी, भिंतीला टाइल्स, पहिल्याच फुंकरीला आवाज घुमला. दोन मिनिटांत पैसे दिले. पंधरा दिवसांनी नागपूरच्या महाल भागातल्या अरुंद गल्ल्यांतून मारबतीची मिरवणूक होती. चाळीस मिनिटांनी माझा खालचा ओठ सुटला, आणि तो मोठा वाटलेला आवाज दहा पावलांवर कुणाला ऐकू जात नव्हता, असे मागे चालणाऱ्या मित्राने सांगितले. त्यानंतर मी दुकानातल्या मोठ्या आवाजावर विश्वास ठेवणे सोडले. मी आता शोधतो ते एवढेच: सगळ्यात नाजूक सूर कुठल्या माउथपीसवर सगळ्यात कमी कष्टात येतो. जोर लावून मोठा आवाज कशावरही काढता येतो, हळू आणि नेमका सूर मात्र ज्याच्या त्याच्यावर येत नाही.

जाताना स्वतःचे क्लॅरिनेट, स्वतःचे बॅरल, स्वतःचे लिगेचर (रीड माउथपीसला आवळणारा पट्टा) न्या. तीन रीड न्या, नेहमीचा नंबर, अर्ध्याने कमी आणि अर्ध्याने जास्त, आणि त्या दोन-तीन दिवसच वाजवलेल्या असाव्यात. तुमची लाडकी जुनी रीड नेऊ नका. ती तुमच्या ४सीच्या उताराला वळलेली असते, म्हणून प्रत्येक नवा माउथपीस तिच्यावर हरणार आणि जुनाच जिंकणार. कुणाकडे लेजेरे कंपनीची सिंथेटिक रीड मागून मिळाली तर तीही ठेवा. वाजवायला आवडो न आवडो, ती ओली-कोरडी होत नाही, म्हणून माउथपीस बदलला की ऐकू येणारा फरक माउथपीसचाच आहे, याची खात्री देते. वेताची रीड मेमधल्या कोरड्या हवेत वाजवता वाजवता टोकाला लहरते आणि तुम्ही दोष माउथपीसला देता. तिला थुंकीवर भागवू नका, मिनिटभर साध्या पाण्यात भिजवा.

वाजवण्याआधी डोळ्यांनी बघा. खिडकीकडे तोंड करून माउथपीस उजेडात धरा. दोन्ही बाजूंच्या कडा सारख्या रुंदीच्या हव्यात, टोकाची बारीक कड एकसंध हवी, कुठे टवका नको. रीड लावून टोकाकडून समोर धरा, फट दोन्ही बाजूंना सारखी दिसली पाहिजे. मग रीड लावलेल्या माउथपीसचे मागचे तोंड तळहातावर दाबून हवा ओढा आणि तोंड काढा. रीड क्षणभर चिकटून राहून ‘टक्’ करून सुटली, तर रीड आणि टेबल, म्हणजे माउथपीसची रीड टेकते ती सपाट बाजू, नीट बसलेत. ही परीक्षा अपुरी आहे, रीड कोरडी असेल तर चांगला माउथपीसही नापास होतो, म्हणून दोन रीडवर करून बघा.

मग माउथपीस आणि बॅरल एवढेच घेऊन फुंका. ट्यूनरवर पियानोच्या पट्टीचा एफ शार्प दिसला पाहिजे. तो बराच खाली लोंबत असेल, तर प्रत्येक रीडवर बघा. तिन्हीवर तसेच होत असेल, तर आतली पोकळी तुमच्या वाद्याला मानवत नाही, किंवा तुमचा ओठ सैल पडतोय.

आता पूर्ण वाद्य. आवडीचे गाणे शेवटी वाजवा, आधी दुखरी नस दाबा. ओपन जीवर (सगळी भोके उघडी ठेवून येणारा सूर) शून्यातून सूर उचला, वाढवा आणि परत शून्यात न्या. सूर नेमका कुठल्या क्षणी ‘पकडतो’ ते ऐका. आधी नुसती हवा आणि मग अचानक आवाज येत असेल, तर रीड जड आहे किंवा फट तुमच्यासाठी मोठी आहे. मग गळ्याच्या ए वरून वरच्या बीवर जा, हळू, जोडून, वीस वेळा. हा पूल ओलांडताना धक्का बसतो की नाही, एवढेच बघा. नंतर खालचा ई धरा आणि ओठ अजिबात न हलवता रजिस्टर की दाबा, बी यायला हवा. एफवर सी, जीवर डी. क्लॅरिनेट सप्तकात नाही, बाराव्या सुरावर उडी मारते, आणि त्या उडीनंतर सूर कुठे बसतो यात माउथपीसचा मोठा हात असतो. या तीन-चार जोड्या ट्यूनरवर मित्राला बघायला सांगा, तुम्ही डोळे मिटा. डोळे उघडे असले की ओठ नकळत सूर सावरून घेतो आणि ट्यूनर खोटे बोलायला लागतो.

उलट्या दिशेचीही परीक्षा घ्या. वरच्या सीवरून एका श्वासात गळ्याच्या ए आणि जीपर्यंत जोडून खाली या. पुष्कळ माउथपीसवर तिथे सुराखाली एक ‘घुर्र’ येतो. रीड बदलून तो गेला तर सोडून द्या, तिन्ही रीडवर येत असेल तर तो माउथपीस बाजूला ठेवा. एकाच सुरावर जिभेने सोळा ठोके द्या, अगदी हळू आवाजात. सगळ्यात शेवटी वरच्या सीच्या पुढे ई, एफ, जी. तिथे सूर दाबला जाऊन मिटत असेल तर रीड नरम आहे, अर्धा नंबर वाढवून परत बघा. बॅन्डमधले बरेच जण ओठ दमू नये म्हणून दीड-दोनची रीड लावतात आणि मग वरचे सूर खाली उतरतात, म्हणून माउथपीसला नाव ठेवतात. तुमच्या ‘वरचे चिरकतात’ या तक्रारीतही रीडचा हात असण्याची शक्यता मला बरीच वाटते.

एका वेळी तीनच्या वर माउथपीस पारखायला घेऊ नका. वीस मिनिटांनंतर ओठ खरे सांगत नाही, मध्ये चहा घ्या. मित्राला पाठ करून बसवा, माउथपीसचे नाव त्याला आणि जमल्यास तुम्हालाही कळू देऊ नका. पहिला, दुसरा, पुन्हा पहिला, असे वाजवा. वाजवणाऱ्याला स्वतःचा आवाज दातांतून आणि कवटीतून ऐकू येतो, समोरच्याला येत नाही. म्हणून ‘मला भरीव वाटतो’ याला मी फार किंमत देत नाही. मोबाइल चार-पाच पावलांवर ठेवून रेकॉर्ड करा आणि घरी दुसऱ्या दिवशी ऐका. आणि एकच मॉडेल पसंत पडले तर त्याचे दोन-तीन नग मागा. एकाच नावाच्या दोन माउथपीसमध्येही फरक असतो, आणि कधीकधी तो दोन मॉडेलमधल्या फरकाहून मोठा असतो.

म्हणूनच मुंबईला जा, असे मी सांगेन. विदर्भ एक्सप्रेसने सकाळी सीएसएमटीला उतरलात की धोबी तलाव पायी अंतरावर आहे, तिथे वाद्यांची जुनी दुकाने आहेत. आधी फोन करून विचारा, तीन-चार मॉडेल हजर आहेत का आणि फुंकून बघू देतात का. रात्रभर प्रवास झालेला असतो, तेव्हा उतरल्या उतरल्या वाजवू नका, थोडे थांबा, पाणी प्या. ऑनलाइन मागवायचाच असेल, तर परत घेण्याची अट लिहून घ्या. ती नसेल तर मागवू नका. आणि पैशांचा हिशोब करताना रीडचा दहाचा एक खोकाही धरा, कारण नव्या माउथपीसला जुन्या रीड चालणार नाहीत.

घेतल्यावर पहिले पंधरा दिवस तो मिरवणुकीत नेऊ नका. घरी रोज वीस मिनिटे लांब सूर वाजवा, ओठाला नव्या फटीची सवय होऊ द्या. वरच्या दातांखाली पातळ रबरी पॅच चिकटवा, दातांच्या खुणा पडत नाहीत आणि डोक्यातली घरघर कमी होते. गरम पाण्याने कधीही धुऊ नका, एबोनाइट हिरवट पडते आणि वाकते. कोमट पाणी, थोडा साबण, मऊ कापड पुरे. दोरीचे कापड माउथपीसमधून ओढू नका, आतली धार झिजते. आणि उन्हाळ्यात तो वाद्याच्या पेटीतच, सावलीत ठेवा. माझा एक चांगला माउथपीस मी मे महिन्यात स्कूटरच्या डिक्कीत दोन तास ठेवला होता. वरून काहीच दिसत नव्हते. पण त्या दिवसापासून त्यावर एकही रीड नीट बसली नाही. काचेवर उलटा ठेवून पाहिला तेव्हा त्याचे टेबल एका कोपऱ्यावर डुलत होते.

तुमचा ४सी मात्र विकू नका. तो चांगला माउथपीस आहे, आणि नव्यावर काही बिघडले तर दोष रीडचा, पॅडचा की ओठाचा, हे त्याच्यावर परत वाजवून लगेच कळते. पॅड तपासून झाले की काय निघाले ते कळवा, आणि सध्या ४सीवर कितीची रीड लावता तेही सांगा. त्यावरून तिन्ही मॉडेलसाठी रीडचे नंबर मी सुचवेन.